वाचकांचे प्रश्न : ठिकाण ठरवण्याआधी पासपोर्ट पाहा

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअर कंपनीला कार्यालय असे नाही. आम्ही २५ जण नऊ देशांतून काम करतो आणि बहुतेकांनी एकमेकांना पडद्यावरच पाहिले आहे. येत्या वर्षी सगळ्यांनी एक आठवडा परदेशात एकत्र यावे, असे संस्थापकांच्या मनात आहे आणि आयोजनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ठिकाणासाठी मी टीममध्ये मतदान घेतले. निम्म्या लोकांना बाली हवे आहे, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना लिस्बन. आता पुढे कसे जावे आणि किती आधी तयारीला लागावे?

उत्तर : मतदान घाईने झाले, हे आधीच सांगून टाकते. ठिकाण हा या कामातला पहिला नव्हे, जवळजवळ शेवटचा निर्णय असतो. कोणाला कुठे जाता येईल हे कळण्याआधीच कोणाला कुठे जायला आवडेल हे विचारले, की ज्या एकदोघांना तिथला व्हिसा मिळणे कठीण आहे त्यांच्यावर सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकण्याची पाळी येते. बहुतेक वेळा ते बिचारे गप्पच बसतात, आणि अडचण कळते तेव्हा हॉटेलला आगाऊ रक्कम गेलेली असते.

म्हणून मतदान तूर्त बाजूला ठेवावे आणि एक यादी करावी. प्रत्येकाला वैयक्तिक संदेश पाठवून चार गोष्टी विचाराव्यात : पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, त्याची मुदत कधी संपते, सध्या वास्तव्य कोणत्या देशात आणि कोणत्या परवान्यावर आहे, आणि पूर्वी कुठला व्हिसा नाकारला गेला आहे का. शेवटचा प्रश्न नाजूक आहे; त्याचे उत्तर आपल्यापाशीच राहील असे स्पष्ट लिहावे आणि तो शब्द पाळावा. या टप्प्यावर पासपोर्टच्या प्रती मागण्याचे काहीच कारण नाही, आणि पुढे कधी त्या घ्याव्या लागल्याच तर सगळ्या टीमला उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये त्या मुळीच ठेवू नयेत.

मुदतीची चौकशी वरवरची वाटते, पण घोडे अडते ते बहुधा इथेच. इंडोनेशियासह अनेक देशांना प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातील अनेक देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे : तिथून बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा. वास्तव्याच्या परवान्याचा प्रश्न तर अनेक आयोजकांच्या ध्यानातच येत नाही. समजा, आपला एखादा सहकारी अमेरिकेत एच-१बी वर आहे, त्याचा तिथला मुक्काम पूर्णपणे कायदेशीर आहे, पण पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे. अमेरिकेत राहून काम करण्यात त्याला कसलीही आडकाठी नाही. मात्र तो देशाबाहेर पडला, की सर्वसाधारणपणे नवा शिक्का मिळाल्याशिवाय परतता येत नाही. आठवडाभराच्या भेटीसाठी अशा माणसाने घर, नोकरी आणि मुलांची शाळा पणाला लावावी, अशी अपेक्षा कोणी करू नये.

ही यादी हाती आली, की बाली आणि लिस्बन यांचा विचार वेगळ्याच पद्धतीने होऊ लागतो. इंडोनेशिया अनेक देशांच्या नागरिकांना विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा देते आणि त्या व्हिसावर व्यावसायिक बैठकांना हजर राहता येते. पण ज्यांचा देश त्या यादीत नाही त्यांना आधीच रीतसर व्हिसा काढावा लागतो. लिस्बन शेंगेन क्षेत्रात येते. तिथला अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होतो, मात्र काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. शिवाय अर्ज सादर करण्याची वेळ मिळण्यातच गर्दीच्या हंगामात कित्येक आठवडे निघून जातात. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा जोडावा लागतो. आणि अर्ज विचाराधीन असताना पासपोर्ट बहुधा वकिलातीकडेच राहतो, त्यामुळे ज्याला दोन देशांचे व्हिसा काढायचे आहेत त्याला ते एकामागून एकच काढावे लागतात.

हा दुसरा व्हिसा कुठून आला, असे आपण विचाराल. वाटेत विमान बदलण्याच्या देशाचा! नायजेरिया, पाकिस्तान, बांगलादेश, इथिओपिया अशा काही देशांच्या नागरिकांना शेंगेन विमानतळावर नुसते विमान बदलायचे असले तरी सर्वसाधारणपणे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. काही विशिष्ट व्हिसे किंवा परवाने हाती असलेल्यांना त्यातून सूट मिळते. अमेरिकेत तर आंतरराष्ट्रीय प्रवाशाने विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलून पुढे जाण्याची सोयच नाही. उतरणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या प्रवेशाच्या तपासणीतून जावे लागते. तेव्हा तिकीट काढताना फक्त भाडे पाहून चालणार नाही, मार्गही यादीशी ताडून पाहिला पाहिजे.

आपल्या टीममध्ये कमी देशांत सहज प्रवेश मिळणारे पासपोर्ट बरेच असतील, तर ज्यांची कोणी मतदानात नावे घेतली नसतील अशा ठिकाणांचाही विचार करावा. रवांडाने २०१८ पासून सर्व देशांच्या नागरिकांना आगमनावेळी ३० दिवसांचा व्हिसा देण्याचे धोरण ठेवले आहे. जॉर्जियात नव्वदहून अधिक देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय वर्षभर राहता येते. मात्र असे नियम सरकारे मनात येईल तेव्हा बदलतात, म्हणून ठिकाण पक्के करताना आणि पुन्हा तिकिटे काढताना संबंधित वकिलातीचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. टीममधल्या कोणाच्या तरी मित्राला गेल्या वर्षी तिथे कोणी काही विचारले नव्हते, हा पुरावा नव्हे.

येण्याचा हेतू सांगतानाही आडपडदा ठेवू नये. ‘फिरायला आलो’ असे सांगून आठवडाभर बैठका घेणे अनेक टीम करतात. मला तो शहाणपणा वाटत नाही. बहुतेक देशांत अल्पकाळ येऊन बैठका घेण्याला व्यावसायिक भेटीच्या प्रकारात परवानगी असते, मग खोटे कशाला बोलावे? कंपनीने प्रत्येकाच्या नावाने पत्र द्यावे. त्यात माणसाचे पद, तो कंपनीत कधीपासून आहे, भेटीच्या तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कंपनी करणार असल्याचा उल्लेख आणि भेटीनंतर तो आपल्या नेहमीच्या देशातून काम सुरू ठेवणार असल्याचे विधान असावे. याच पत्राची प्रत प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवायला सांगावे. युरोपीय संघातल्या एका देशात नोकरीला असलेला कर्मचारी संघातल्या दुसऱ्या देशात कामासाठी जात असेल, तर मुक्काम थोड्या दिवसांचा असला तरी ए-१ नावाचे सामाजिक सुरक्षेचे प्रमाणपत्र काढण्याची पद्धत आहे. आपल्या लेखापालाला ते ठाऊक असेल.

तारखांबद्दल एवढेच सांगते, की ठिकाणाचे हवामान आणि तिथली दिनदर्शिका दोन्ही पाहाव्यात. बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो. तिथे न्येपी हा मौनाचा दिवस येतो, बहुधा मार्च महिन्यात. त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो, रस्त्यावर कोणी फिरकत नाही आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. ज्या टीमचे सगळे काम इंटरनेटवर चालते तिने हेही लक्षात घ्यावे, की त्या दिवशी बेटावरचे मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. टीममधील लोकांचे धार्मिक उपवास, परीक्षांचे दिवस आणि कंपनीच्या वर्षअखेरीची धावपळ यांच्याशीही तारखा जुळवाव्या लागतील.

आणखी एक चाळणी लावायची ती कायद्यांची. समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारे साठहून अधिक देश आजही जगात आहेत. एखाद्या सहकाऱ्याने आपले खासगी आयुष्य उघड केलेले नसते. म्हणून ‘कोणाला अडचण आहे का’ असे सर्वांसमोर विचारण्यापेक्षा आयोजकानेच असे देश यादीतून आधी वगळावेत. औषधांचेही तसेच आहे. एका देशात डॉक्टर सर्रास लिहून देतात ते औषध दुसरीकडे जप्त होऊ शकते. लक्ष केंद्रित होण्यासाठी घेतली जाणारी अ‍ॅम्फेटामिनयुक्त औषधे जपानमध्ये नेताच येत नाहीत, मग जवळ डॉक्टरांची चिठ्ठी का असेना.

या सगळ्या चाळण्यांतून तीनचार ठिकाणे उरली, की मग खुशाल मतदान घ्यावे. प्रवासाची तुलना करताना सरासरी तासांवर जाऊ नये, सर्वांत लांबून येणाऱ्या माणसाला दारापासून दारापर्यंत किती वेळ लागतो ते पाहावे. इस्तंबूल, दुबई, सिंगापूर यांसारख्या ज्या शहरांत अनेक दिशांची थेट विमाने उतरतात, तिथे खोल्या महाग पडल्या तरी एकूण हिशेब पुष्कळदा सारखाच येतो, कारण दोनदा विमान बदलणाऱ्यांची तिकिटे आणि चुकलेल्या जोड-विमानांचा मनस्ताप वाचतो. मात्र आत्ताच सांगितलेली कायद्यांची आणि औषधांची चाळणी अशा शहरांनाही लावावी; दुबई त्यातून सुटत नाही.

हॉटेलशी करार करताना २५ खोल्या ठरवून मोकळे होऊ नका. अशा करारांत ठरलेल्या खोल्यांपैकी किमान किती खोल्यांचे पैसे द्यावेच लागतील, याचे एक कलम असते. ते ८० टक्क्यांचे असेल आणि प्रत्यक्षात १८ जणच आले, तर आपण २० खोल्यांचे पैसे भराल. म्हणून व्हिसाचे निकाल लागण्याच्या तारखेनंतरची एक मुदत मागून घ्यावी, ज्या मुदतीपर्यंत खोल्या विनामूल्य कमी करता येतील. अपरिहार्य परिस्थितीत करार रद्द करण्याचे कलम शब्द न् शब्द वाचावे. गिटलॅब या पूर्णपणे रिमोट पद्धतीने चालणाऱ्या कंपनीचा २०२० चा प्रागमधला मेळावा कोरोनामुळे ऐनवेळी रद्द झाला होता. इतक्या अनुभवी आयोजकांवरही ती वेळ येऊ शकते. नऊ देशांतल्या २५ जणांसाठी मी आठनऊ महिने आधी यादी करायला घेईन. सहा महिन्यांत होणारच नाही असे नाही, पण मग शेंगेनसारखा पर्याय मनातून काढून टाकावा.

प्रश्न : आमच्या संचालकांनी पाच दिवसांच्या भेटीसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असा कार्यक्रम आखला आहे. प्रत्येक विभागाचे सादरीकरण, उद्दिष्टांचा आढावा, नवीन प्रणालीचे प्रशिक्षण असे सगळे त्यात आहे. काही सहकारी कुजबुजतात, की हे तर व्हिडिओ कॉलवरही झाले असते. त्यांचे म्हणणे मला पटते, पण संचालकांना काय सुचवावे?

उत्तर : सहकाऱ्यांची कुजबुज रास्त आहे. सादरीकरण ही चित्रफितीत नोंदवून आधी पाठवण्याची गोष्ट आहे. ती ऐकायला कोणी समुद्र ओलांडून येऊ नये. एकत्र आल्यावर वेळ द्यावा तो पडद्यावर ज्यांचे गाडे अडून बसते अशा कामांना. लेखी चर्चेत महिनोन् महिने घोळत पडलेला एखादा वाद, पुढच्या वर्षी काय करायचे नाही याची निवड, दोन विभागांमध्ये वारंवार होणारी चुकामूक आणि नव्याने रुजू झालेल्या माणसाची सगळ्यांशी ओळख ही अशी कामे आहेत. लेखी संदेशात जे वाक्य तुटक वाटते, ते लिहिणाऱ्याचा बोलण्याचा ढंगच तसा आहे हे समोरासमोर दोन संध्याकाळी घालवल्यावर कळते, आणि त्यानंतर वर्षभर त्याचे संदेश वेगळ्या कानांनी वाचले जातात. माझ्या मते एवढा मोठा खर्च करण्याचे खरे कारण हेच आहे.

संचालकांना सुचवताना ‘कार्यक्रम कमी करा’ असे म्हणू नये, पर्यायी आराखडाच त्यांच्यापुढे ठेवावा. पहिला दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. वेगळ्या कालपट्ट्यांतून आलेल्या शरीराला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला ढोबळमानाने एका कालपट्टीमागे एक दिवस लागतो आणि पूर्वेकडे प्रवास केलेल्यांना तो अधिक जड जातो, कारण शरीराचे घड्याळ २४ तासांहून किंचित सावकाश चालते आणि त्याला मागे सरकणे पुढे सरकण्यापेक्षा सोपे जाते. सात-आठ तासांच्या फरकाने पूर्वेकडे आलेला माणूस पहिल्या सकाळी नऊ वाजता खोलीत बसलेला दिसतो, पण त्याच्या शरीराला मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्याच्याकडून त्या वेळी धोरणात्मक निर्णयांवर मत मागणे हे केवळ उपस्थिती लावून घेणे झाले.

नंतरच्या दिवसांत सकाळी अडीचतीन तासांचे एकच गंभीर सत्र, दुपारी तीनचार जणांच्या गटांत प्रत्यक्ष काम, आणि मधला एक दिवस पूर्णपणे मोकळा. गट रोजच्या सहकाऱ्यांचे न करता ज्यांचा एरवी संबंध येत नाही अशांचे करावेत, ही नावे आयोजकाने आधीच ठरवून ठेवावीत; लोकांवर सोडले तर ओळखीचे ओळखीच्यांपाशीच बसतात. संध्याकाळच्या कार्यक्रमांना हजेरी ऐच्छिक असावी आणि ते मद्याभोवती फिरणारे नसावेत. खोल्या स्वतंत्र द्याव्यात. खर्च वाचवण्यासाठी सहकाऱ्यांना एका खोलीत कोंबणे ही मला सर्वांत महागडी काटकसर वाटते. दिवसभर लोकांत राहून थकलेल्या माणसाला दार लावून बसायला जागाच उरत नाही, आणि एरवी एकट्याने काम करणाऱ्यांना तर ती फारच लागते.

ग्राहकांना मदत करणारा विभाग त्या आठवड्यात कोण सांभाळणार, हे विसरू नये. सगळे आले तर दारे बंद आणि काहींना मागे ठेवले तर नेहमी त्याच लोकांवर अन्याय. ग्राहकांना आधी कळवून त्या आठवड्यात उत्तरांना उशीर होईल असे जाहीर करावे आणि तातडीच्या प्रश्नांसाठी पाळ्या लावाव्यात, ज्यांत संचालकही असतील.

सभागृहाचे इंटरनेट हॉटेलच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला सभागृहातच उभे राहून, शक्यतो गर्दीच्या वेळी, वेग मोजायला सांगावा आणि मोजणीचे छायाचित्र मागवावे. त्यात फाइली पाठवण्याचा वेग बघावा, कारण जाहिरातीत असतो तो नेहमी उतरवून घेण्याचा. तीस माणसांची लॅपटॉप आणि फोन मिळून साठ उपकरणे एकाच वेळी जोडली जाणार आहेत, हेही त्यांना सांगून ठेवावे.

प्रश्न : मला दीड वर्षांचे मूल आहे आणि घरी त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नाही. कंपनीच्या परदेशातील भेटीला ‘येणे ऐच्छिक आहे, पण सगळे आले तर आनंद वाटेल’ असा निरोप आला आहे. न गेल्यास मागे पडेन अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर : त्या निरोपातला ‘पण’ आपल्याला बरोबर ऐकू आला आहे. कंपनीला स्पष्ट शब्दांत विचारावे, की न येणाऱ्यांच्या मूल्यमापनावर याचा परिणाम होणार नाही ना, आणि उत्तर लेखी मागावे. तोंडी विचारले तर ‘छे, छे’ एवढेच पदरी पडते. सोबतच आपण होऊन एक मागणी करून पाहावी : मूल आणि त्याला सांभाळणारी एक व्यक्ती यांचा प्रवासखर्च किंवा त्या आठवड्यातील पाळणाघराचा खर्च कंपनी देईल का? एका तिकिटाइतकीच रक्कम बहुधा लागते, आणि बऱ्याच कंपन्यांना हे कोणी विचारलेलेच नसते.

जाणे जमणारच नसेल, तर अर्धवट सहभागाच्या फंदात पडू नये. बारा जण एका टेबलाभोवती बसलेले आणि आपण एकट्या कोपऱ्यातल्या पडद्यावर, ही स्थिती दिवसभर सहन करण्यासारखी नसते. टेबलावरचे निम्मे बोलणे ऐकूही येत नाही. त्यापेक्षा ज्या निर्णयांशी आपला संबंध आहे त्यांचे एकच सत्र आपल्याला सोयीच्या वेळी ठेवण्यास सांगावे आणि त्या सत्रात सगळ्यांनीच आपापल्या लॅपटॉपवरून सहभागी व्हावे असा आग्रह धरावा. बाकीच्या सत्रांत झालेले निर्णय लेखी स्वरूपात आले पाहिजेत आणि त्यांवर मत देण्यासाठी न आलेल्यांना काही दिवसांची मुदत मिळाली पाहिजे. व्हिसा नाकारला गेलेल्या सहकाऱ्यालाही नेमके हेच लागते, त्यामुळे ही मागणी करताना आपण एकट्या नाही.

प्रश्न : आमची कंपनी प्रवास विमा काढून देत आहे. भेट संपल्यावर मी आठवडाभर तिथेच थांबून भाड्याची स्कूटर घेऊन फिरणार आहे. काही काळजी घ्यावी का?

उत्तर : घ्यावी. कंपनीच्या विम्याची मुदत बहुधा भेटीच्या शेवटच्या दिवशी संपते. पुढचे दिवस त्यात जोडून घेता येतात का ते विचारावे, नाहीतर स्वतःचा विमा काढावा. परतीचे तिकीट पुढचे असल्यास व्हिसा आणि कंपनीचे पत्र यांतील तारखाही त्याच्याशी जुळायला हव्यात, कारण सीमेवरचा अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो.

स्कूटरबाबत विम्याची सूक्ष्म अक्षरे वाचा. दुचाकी चालवण्याचा परवाना आपल्या देशात नसेल, किंवा त्या देशात मान्य असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाड्याने स्कूटर देणारा परवाना विचारत नाही, म्हणून तो लागत नाही असे समजू नका. हेल्मेट घातले नव्हते, एवढे कारणही काही विम्यांत पुरते. लॅपटॉप कंपनीचा असल्यास तो या आठवड्यात चोरीला गेला तर भरपाई कोणाची, हेही निघण्यापूर्वी लेखी विचारून ठेवा. आणि पॉवर बँक कधीही सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांपेक्षा अधिक क्षमतेची असेल तर विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते.